रविवार संध्याकाळ, तीन ठिकाणी

नानांचा पहिला हॉल गेला तो बुद्धिबळामुळे.

आता बुद्धिबळ हा काही हॉल घालवण्यासारखा खेळ आहे का? पूर आला, आग लागली, मंत्री आले, तर हॉल जातो, हे पाणीपुरवठा खात्यात केस पांढरे केलेल्या माणसाला समजू शकतं. पण वाचनालयाच्या ग्रंथपालांनी शांतपणे चष्मा पुसत सांगितलं की वरचा हॉल तुमचाच आहे, त्यात काही बदल नाही. फक्त त्याच वेळी खालच्या हॉलमध्ये बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम फेरी आहे, तेव्हा कार्यक्रम जरा आवाज न करता करावा.

"अहो, गाण्याचा कार्यक्रम आहे," नाना म्हणाले.

"हो ना. मग हळू गा."

"आमच्याकडे ड्रम आहेत."

ग्रंथपालांनी यावर मनापासून विचार केला. "ते आणायलाच हवेत का?"

नाना जिना उतरून खाली आले तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ते बोलले काहीच नाहीत, कारण जिन्याखाली एक मुलगी बुद्धिबळाचा सराव करत होती आणि तिनं तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प राहायला सांगितलं.

नानांचा बॅंड म्हणजे चार माणसं. नाना स्वतः अकॉर्डियन वाजवायचे. दातांचे डॉक्टर ड्रमवर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः वाकून काम करायचं, म्हणून संध्याकाळी कशावर तरी जोरात हाणायची त्यांना शारीरिक गरज होती. गिटारवर टेलर. हा माणूस इतका मऊ बोलायचा, की त्याच्याकडे कपडे शिवायला टाकलेले लोक तारीख उलटली तरी रागवायचं विसरून जात. आणि गाणारी ताई, म्हणजे नानांची मोठी बहीण. दर शनिवारी हे चौघं नानांच्या गॅरेजमध्ये जमायचे आणि जुनी गाणी बसवायचे. गाडी नानांकडे नव्हतीच, त्यामुळे गॅरेज मोकळं होतं. बसवलेली गाणी कोणासमोर म्हणायची, हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी काढला नव्हता. आधी पक्कं बसू दे, मग बघू, असं नाना म्हणायचे. नानांचं सगळं असंच असायचं. नवा टॉवेलसुद्धा ते पाहुण्यांसाठी म्हणून ठेवत, आणि पाहुणे आले की त्यांना जुना देत.

आणि मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली.

गाठ साधी आहे, असं शल्यचिकित्सक म्हणाले. काढली की झालं. फक्त ती आवाजाच्या नसेला अगदी खेटून बसली होती. "आम्ही जपूच," ते म्हणाले, "पण आवाज पूर्वीसारखाच राहील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही." ऑपरेशन बुधवारचं ठरलं. ताईनं हे सगळं नानांना भाजी निवडता निवडता सांगितलं. ती आयुष्यभर बस डेपोवर घोषणा करत होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली आज नाहीच, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकत आलं होतं. निवृत्त झाली तेव्हा तिच्या जागी यंत्र बसलं. तेव्हा, वाईट बातमी सरळ आवाजात कशी द्यायची, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"गेला तर गेला," ती म्हणाली. "पण नाना, एकदा माणसांसमोर उभं राहून गायचंय मला. डेपोत काचेमागे बसायचे. लोक भोंग्याकडे बघायचे, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. एकदा माणसांनी माझ्याकडे बघत ऐकावं, एवढंच. बुधवारच्या आत जमव."

नानांनी मान डोलावली आणि भाजीतली निवडलेली काडी परत भाजीत टाकली. बुधवारच्या आत म्हणजे रविवार. म्हणजे त्यांच्या हातात जेमतेम पंधरवडा होता, आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस बुद्धिबळानं खाल्ले.

दुसरी जागा कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याची. जागा छान, दिवे मंद, खुर्च्या वेताच्या. मालक तर इतका गोड माणूस, की नानांना वाटलं आपण उगाच वाचनालयाच्या पायऱ्या झिजवल्या. "रविवारी? या की! आपलंच आहे," असं तो म्हणाला. नानांना कळायला हवं होतं. ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत असणार? शुक्रवारी नाना सहज डोकावले, तर कॉफीवाल्यानं त्याच रविवारी, त्याच वेळी, एका मुलीचा वाढदिवस, एका विमा कंपनीची सभा आणि रक्तदान शिबिर असं सगळं घेऊन ठेवलं होतं.

"मग आम्ही कुठे बसायचं?" नाना ओरडले.

"होईल हो सगळं," कॉफीवाला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "रक्त देणाऱ्यांनाही गाणं ऐकून बरं वाटेल."

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक कुंपणावरून हे सगळं रोज ऐकत होते. सल्ला द्यायला त्यांना कोणी विचारावं लागत नसे. "तुमचं चुकलं कुठे सांगू?" ते म्हणाले. "तुम्ही हॉल बघायलाच नको होता. आधी परवानगी काढायची. परवानगी हातात असली की हॉलवाले तुमच्या मागे येतात." हा सल्ला साफ खोटा ठरला. पण परवानगी लागतेच, हे नानांना त्यावरून आठवलं, आणि ते सोमवारी अर्धी रजा टाकून ध्वनिपरवान्याच्या खिडकीपुढे उभे राहिले.

इथे जरा थांबून नानांचं दुःख समजून घ्यायला हवं. इतकी वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला होते. पाण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या लोकांना 'हे आमच्याकडे येत नाही' असं शांत, सभ्य, दरवाजा लावल्यासारख्या आवाजात कसं सांगायचं, हे त्यांनी नवशिक्या कारकुनांना शिकवलं होतं. आता तोच आवाज समोरून आला.

"एकटे आहात की वाद्यवृंद?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"चौघं आहोत."

"चौघं कशात बसत नाहीत. दोघांपर्यंत वैयक्तिक. पाचापासून पुढे वाद्यवृंद."

"मग तिघा-चौघांनी काय करायचं?"

"हे आमच्याकडे येत नाही," बाई म्हणाल्या.

नाना घायाळ झाले, पण त्यातही त्यांच्या मनात कुठेतरी दाद उमटली. चांगलं म्हणाली, असं त्यांना वाटून गेलं. मग ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "तुला बॅंडमध्ये घ्यावं लागतंय."

"मला काय येतं वाजवायला?"

"काही यायची गरज नाही. पाचवं माणूस पाहिजे."

बायकोनं हातातलं काम खाली ठेवलं. "इतकी वर्षं शनिवारी चहाचे कप भरून गॅरेजमध्ये पाठवते," ती म्हणाली, "तेव्हा मी पाचवी नव्हते वाटतं?" टेलरनं एक खुळखुळा आणून दिला आणि बायको वाद्यवृंदात दाखल झाली. ताईला ही बातमी कळली तेव्हा ती इतकी हसली, की हसता हसता तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. नानांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

हॉल शेवटी मिळाला तो क्रीडा मंडळाचा. मंडळाचे सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "समजा झालंच." परवान्यावर त्याच हॉलचा पत्ता पडला. नानांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, गल्लीत सांगितलं, मुख्याध्यापकांना तर दोनदा सांगितलं. मग खात्री करायला पुन्हा फोन केला. सेक्रेटरी म्हणाले, "समजा झालंच म्हटलं ना!" या 'समजा'वर नाना दोन रात्री तळमळले. समजा म्हणजे काय? झालं असेल तर समजायचं कशाला?

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी नानांना रविवारपर्यंत माहीत नव्हती. नानांचं हे हॉल-पुराण बघून डॉक्टर धास्तावले होते. डॉक्टर मनाचे चांगले. नानांना दुखवायचं नाही आणि ताईचाही विचका होऊ द्यायचा नाही, म्हणून त्यांनी गुपचूप आपल्या दवाखान्याच्या इमारतीतला सभागृहवजा तळमजला रविवारसाठी धरून ठेवला. आणि तिथे ऐकायला माणसं हवीत म्हणून आठवडाभर एकेका पेशंटला, तो बोलू शकत नसताना, रविवारचं आमंत्रण दिलं. कोणीही नाही म्हणालं नाही.

टेलरही मनाचा चांगला. त्यानंही हाच विचार केला. त्याच्या एका गिऱ्हाइकाचं फर्निचरचं दुकान होतं, रविवारी संध्याकाळी ते ओस पडलेलं असायचं. टेलरनं ते मागून घेतलं आणि आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तिकडे यायला सांगितलं. ज्यांचे कपडे तयार नव्हते त्यांना तर आवर्जून.

म्हणजे नानांचा हॉल आयत्या वेळी बोंबलणार, मग मी पुढे होऊन सगळ्यांना वाचवणार, असं दोघांनी वेगवेगळं ठरवलं होतं. नानांचा हॉल मिळालाच तर काय, हा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही. नानांवर त्यांचा इतका विश्वास होता.

रविवारी ऊन उतरल्यावर छोट्या टेम्पोत ड्रम, अकॉर्डियन, गिटार, खुळखुळा आणि पुढच्या सीटवर ताई, अशी वरात क्रीडा मंडळापुढे येऊन थांबली. ताईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि गळ्याभोवती पातळ रुमाल बांधला होता. हॉलला कुलूप होतं. भलंमोठं, स्वच्छ पुसलेलं कुलूप.

सेक्रेटरींचा फोन लागला तेव्हा ते परगावी एका जेवणात होते. "किल्ली वॉचमनकडे आहे," ते घास गिळत म्हणाले. वॉचमन कुठे आहे? शेजारच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं, "तो गेला गाणं ऐकायला. फर्निचरच्या दुकानात कुठला तरी बॅंड आहे म्हणे आज. टेलरनं बोलावलंय."

सगळ्यांनी टेलरकडे बघितलं. टेलर आधीच मऊ बोलायचा, आता त्याचा आवाज जवळजवळ बंदच झाला. "मला वाटलं होतं, नाना... म्हणजे समजा काही झालंच तर..."

"समजा!" नाना किंचाळले.

"अरे, पण मग माझ्या तळमजल्यावरच्या माणसांचं काय?" डॉक्टर नकळत बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मग जे भांडण झालं ते सगळं सांगण्यासारखं नाही. नानांचं म्हणणं एवढंच होतं, की म्हणजे मी नापास होणार याची तुम्हा दोघांनाही खात्रीच होती. डॉक्टर म्हणाले, नाना, झालात की नाही? टेलर म्हणाला, डॉक्टर, निदान माझ्या दुकानात बसायला सोफे आहेत. डॉक्टर म्हणाले, निदान माझे पेशंट वेळेवर येतात, तुझ्यासारखी पुढची तारीख देत नाहीत. एवढ्यात नानांची बायको ओरडली, "अहो, गप्प बसा! ताई बसल्यात तिथे!" आणि रागानं हातातला खुळखुळा जोरात वाजवला. त्या दिवसाचं पहिलं संगीत ते.

ताईनं टेम्पोची काच खाली केली. "आज रविवार आहे," ती म्हणाली. "भांडण सोमवारी करा. मंगळवारी केलं तरी चालेल. मला बुधवारी जायचंय."

तिघंही मान खाली घालून टेम्पोत चढले.

डॉक्टरांची जागा जवळ होती म्हणून आधी तिकडे गेले. तळमजला रिकामा. खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि कोणीही नाही. सफाईवाल्या बाई म्हणाल्या, बरीच माणसं बसली होती, मग कोणीतरी आलं आणि म्हणालं कार्यक्रम क्रीडा मंडळात आहे, तशी सगळी मागच्या रस्त्यानं तिकडे गेली. आता पुन्हा मंडळाकडे जायचं की दुकानाकडे, यावर टेम्पोत मतभेद झाले आणि टेम्पो चौकात येऊन उभा राहिला.

आणि तिथे, संध्याकाळच्या उन्हात, नानांना आपला सगळा श्रोतृवर्ग एकत्र दिसला. मंडळाच्या कुलपाकडून परतलेली नानांची कचेरी आणि गल्ली, पुढे मुख्याध्यापक हात उंचावून. त्यांच्या समोरून गालावर हात धरलेले डॉक्टरांचे पेशंट. दोन्ही घोळके एकमेकांना विचारत होते, बॅंड कुठे आहे, आणि दोन्ही घोळके एकमेकांना चुकीच्या दिशा दाखवत होते. मध्ये गाड्या अडल्या होत्या, हॉर्न वाजत होते. कोणी म्हणे कार्यक्रम रद्द झाला, कोणी म्हणे गायिका आजारी आहे. ते ऐकून नाना टेम्पोतून उडी मारून खाली उतरले. "ऐका! ऐका जरा! फर्निचरच्या दुकानात!" ते ओरडत राहिले. कोण ऐकतो? नानांचा आवाज खिडकीमागून बोलण्यासाठी घडलेला, उघड्यावर त्याचं काही चालेना. मुख्याध्यापकांनी तर त्यांना बाजूला सारत म्हटलं, "तुम्ही मध्ये येऊ नका, मी व्यवस्था लावतोय."

टेम्पोचं दार उघडलं. ताई पायरीवर उभी राहिली, दाराची कड धरून. तिनं आवाज चढवला नाही. नुसता डेपोतल्यासारखा सोडला, सपाट, प्रत्येक शब्द सुटा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाण्याचा कार्यक्रम फर्निचरच्या दुकानातून सुटेल. उजवीकडच्या रस्त्यानं जावे. सामान विसरू नये."

चौक गप्प झाला. मग लोक हातातल्या पिशव्या सावरून, मुलांचे हात पकडून, भराभर उजवीकडे चालायला लागले. अर्धं आयुष्य या आवाजानं त्यांना पळवलं होतं, पायांना विचारायची गरजच पडली नाही. एक म्हातारा तर धापा टाकत टेम्पोपाशी आला आणि विचारून गेला की जागा मिळेल ना.

टेम्पो निघाला, नाना त्याच्या मागे धावत होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या मनात एकच आलं, की बुधवारनंतर चौकात असं कोण बोलणार.

दुकानात टेलरची गिऱ्हाइकं आधीच ऐसपैस बसलेली होती. आता बाकीचे आत शिरले. नवे सोफे सगळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, त्यामुळे कोणी जरा हललं की कागद चुरगाळल्यासारखा आवाज व्हायचा. मालक हात जोडून फिरत होता, "बसा, बसा, पण टेकू नका." वॉचमन मंडळाची किल्ली खिशात घालून पहिल्या रांगेत बसला होता. मुख्याध्यापकांनी मागे कलणारी आरामखुर्ची पटकावली, तिचा कुठला तरी खटका दाबला आणि पाय छताकडे करून अडकून पडले. त्या अवस्थेतही ते सल्ला देत होते. डॉक्टरांना ड्रमचं स्टूल सापडेना म्हणून शृंगारमेजापुढचं गुलाबी गादीचं स्टूल मिळालं. समोर आरसा होता. आपण वाजवताना कसे दिसतो हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि ते जरा खचले.

"माइक कुठे लावायचा?" टेलरनं विचारलं.

नाना थिजले. "परवानगी मंडळाच्या हॉलची आहे. इथली नाही." इतक्या गोंधळातही त्यांच्यातला कारकून जागा होता. "माइक लावता येणार नाही."

"अहो, कोण बघतंय?" मालक म्हणाला.

"मी बघतोय," नाना म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. ताईची एकच संध्याकाळ, आणि ती आपण नियमात गुंडाळून ठेवतोय, असं त्यांना वाटलं.

"नको माइक," ताई म्हणाली. "जन्मभर भोंग्यातूनच बोलले."

ती दोन कपाटांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. गळ्याचा रुमाल तिनं सोडला आणि नानांच्या बायकोच्या हातात दिला. डॉक्टरांनी स्वतःहून काठ्या खाली ठेवल्या आणि बोटांनी ड्रम वाजवायला घेतला.

पहिलं कडवं कोणाला ऐकू गेलं नाही, प्लॅस्टिकच फार वाजत होतं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेनं हलायचं थांबवलं. मग मागच्या. ताईचा आवाज काही कोवळा नव्हता. वरच्या सुरात तो जरा खरखरला, एका जागी फाटला. पण तिनं तो सूर सोडला नाही, थांबून पुन्हा लावला, आणि या खेपेला तो लागला. नाना इतकी वर्षं गॅरेजमध्ये तिच्या बाजूला उभे राहून वाजवत होते. बाजूला उभं राहिलं की माणूस बोटांकडे बघतो, ठेका सांभाळतो, पुढचं कडवं आठवतो. आज जागा अपुरी म्हणून ते तिच्यासमोर खुर्च्यांच्या रांगेतच उभे होते. त्यांनी तिला गाताना पाहिलं ते आज. तिचे डोळे उघडे होते. ती एकेका माणसाकडे बघून गात होती, आणि माणसं तिच्याकडे बघत होती. आधी पक्कं बसू दे, मग बघू, असं म्हणत आपण हिला किती वर्षं गॅरेजात ठेवलं! नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते अकॉर्डियनवर पडलं, पण दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे पुसता येईना.

कार्यक्रम झाला. सगळी गाणी झाली, एक तर लोकांनी परत म्हणायला लावलं. नानांची बायको खुळखुळा मनाला येईल तेव्हा वाजवत होती आणि दर वेळी तो बरोबर पडत होता. शेवटी टाळ्या वाजल्या, लोक उभे राहिले, म्हणजे मुख्याध्यापक सोडून. त्यांना वॉचमननं ओढून काढलं. गिऱ्हाइकं, पेशंट, कचेरी, सगळे ताईभोवती जमले. कोणी हात हातात घेतला, कोणी नुसतंच बघत राहिलं. ताई हसत होती, मान हलवत होती. मग गर्दी पांगल्यावर नानांच्या लक्षात आलं की ती दिसत नाही.

ती कपाटांच्या मागे, विकायला मांडलेल्या एका मोठ्या पलंगाच्या कडेवर बसली होती. हातात रुमाल. रडत होती.

"ताई? काय झालं? दुखतंय का?"

तिनं मान हलवली. "गेला तर गेला म्हणत होते ना मी," ती म्हणाली. "एकदा गायलं की मोकळी झाले म्हणत होते. नाना, मोकळी नाही रे झाले. उलट जास्तच अडकले. मला नाही घालवायचाय हा. आता तर नाहीच नाही घालवायचाय."

नाना तिच्या शेजारी बसले. खाली प्लॅस्टिक कुरकुरलं. आपण हिचं ओझं हलकं करायला निघालो होतो आणि वाढवून बसलो, असं त्यांना वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं. सगळं ठीक होईल, हे वाक्य जिभेवर आलं होतं, पण गेल्या पंधरवड्यात असली वाक्यं त्यांनी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली होती की ते स्वतःच्या तोंडातून बाहेर काढायची त्यांना लाज वाटली. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात मालक कपाटाच्या आडून डोकावला. त्याचा चेहरा फुललेला. "नाना, पुढच्या महिन्यात पुन्हा करायचं का? अहो, दोन सोफे गेले आज! बसलेले लोक उठेचनात. पण एक आहे हं, गायला याच बाई हव्यात. दुसरं कोणी नको."

नाना उठले. आता याला सांगायला हवं होतं, की बुधवारी ऑपरेशन आहे, आवाजाचं काही सांगता येत नाही, तेव्हा आत्ताच शब्द देणं बरोबर नाही. हे नीट, सभ्य शब्दांत कसं सांगावं, याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली आणि तोंड उघडलं.

"त्यांना काय सांगत बसतोस?" ताई मागून म्हणाली. तिनं रुमालानं नाक पुसलं. "तारीख घे."

"अगं, पण ऑपरेशनवाले डॉक्टर काय म्हणतात ते तर..."

"गळा डॉक्टर बघतील. तू हॉल बघ."

नाना कपाटांच्या मागून बाहेर आले आणि त्यांनी मालकाकडे पुढच्या महिन्याचा शेवटचा रविवार मागितला.